वाऱ्याने पडलेली झाडं

शेवंता, मी अबू धाबीला निघाले त्या दिवशी बाबांना बजावलं होतं, एसटी स्टँडवर वर्दी घालून यायचं नाही. ते बिचारे लग्नासमारंभाचा शर्ट घालून आले, घडीच्या रेघा तशाच. बॅग डिकीत ठेवून म्हणाले, "झाडं नसतात म्हणे तिथं. मन रमेल का?" मी म्हटलं, "तेच बरंय." त्यांना किती लागलं असेल, ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

कारण तुला माहीत आहे. आपण सातवीत असताना बाबांनी जंगलात तुझ्या आईची कुऱ्हाड जप्त केली, तिच्यावर गुन्हा नोंदवला, आणि दुसऱ्या दिवसापासून तू माझ्या बाकावर बसेनाशी झालीस. नळावर बायका "फॉरेस्ट गार्डाची पोर आली" म्हणून गप्प व्हायच्या. माझा बाप कोण हे कुणी विचारणार नाही अशा ठिकाणी जायचं, एवढंच मग डोक्यात बसलं. तसं ठिकाण मिळालं. अल रीम आयलंडवर सत्ताविसाव्या मजल्यावर राहते. लिफ्टमध्ये सगळे हसतात आणि कुणी काही विचारत नाही. पहिली दोन वर्षं मला हे सुख वाटायचं.

आमचं ऑफिस जुने नकाशे आणि दप्तरं कॉम्प्युटरवर चढवतं. यंदा माझ्याकडे आयर्लंडमधली एक इस्टेट आली. तिथल्या जमीनदाराने कधीकाळी टेकडीभोवती कोसभर भिंत घातली आणि आत ओक, बीच अशी झाडं लावली, शिकारीसाठी आणि लाकडासाठी. बाहेरच्या कुळांना खाली पडलेली फांदीही उचलायची बंदी. पुढे वारसांना डोलारा पेलेना. ओक तोडून विकले, जमीन सरकारकडे गेली, आणि सरकारने तिथं शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी केल्यासारखी स्प्रूसची झाडं रांगेत लावली. आता त्या जमीनदाराच्या खापरपणतीला जुनं रान परत उभं करायचंय. त्यासाठी कुठलं झाड कुठं होतं आणि कसं गेलं, हे मी तक्त्यात भरते.

भरता भरता रानाच्या राखणदाराची वही हाती आली आणि मी तिच्यातच अडकले. भिंत एके ठिकाणी ढासळली होती, कुळांच्या घरांमागे. तिथं दर वर्षी थंडीच्या तोंडावर नेमकं एक झाड पडायचं. कारण ठरलेलं, "वाऱ्याने". जमीनदाराच्या बंगल्याचा माळी रोजची हवा टिपून ठेवायचा, म्हणून मी त्याची वही उघडली. झाड पडल्याच्या दिवशी तिथं लिहिलेलं, वारा नाही. असं एकदा नाही, सात वेळा.

टीम लीडला दाखवलं. केरळचा आहे, कामाला वाघ. "अरे, विंड लिखा है तो विंड डालो, खलास. क्लायंट ने वेदर रिपोर्ट नहीं माँगा." मला मात्र राहवेना. शेऱ्याच्या रकान्यात "नोंद विश्वासार्ह नाही" असं टाकणार होते, पण त्याआधी रविवारी बाबांना फोन लावला. रानातलं मला दुसरं कोण सांगणार?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "भिंतीपलीकडे गरिबांची घरं होती का?"

"होती."

"मग बरोबर आहे. उभं झाड तोडलं तर गुन्हा, वाऱ्याने पडलं तर नुसती नोंद. असला वारा कागदावर सुटतो गं. मीही सोडलाय."

हसले, आणि म्हणाले, "शेवंताच्या आईचं तीन वर्षं वाऱ्यावर निभावलं. चौथ्या वर्षी साहेब जीपमध्ये शेजारी बसलेले. त्यांच्या डोळ्यांदेखत वारा कुठून आणू?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू शेवंताला सांगितलं असतंस. ती आईला, आई नळावर. मग रान उरलं असतं का?"

मी फोन धरून रडले. चिडलेही. गावाने त्यांना तोडलं ते तोडलंच, पण सगळ्यांत आधी मी तोडलं होतं. ते म्हणाले, "आता उकरून काय मिळणार? सोड."

मी सोडणार नाही. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला आणि कारणात "वारा" भरलं. त्या राखणदाराची मुलं कुठं गेली, त्यांना कुणी सांगितलं का, हे वहीत नाही. तुझा पत्ता मात्र माझ्याकडे आहे. हे पत्र आईला वाचून दाखव. तीन वर्षं उभी झाडं नेली आणि कुणी दारात आलं नाही, तेव्हा तिला काय वाटलं होतं, तेही विचार. मला खरंच जाणून घ्यायचंय.

व्हिसाच्या फॉर्मवर घरचा पत्ता मागतात, तिथं मी बाबांनी गाव सोडल्यावर घेतलेला गडहिंग्लजचा फ्लॅट लिहिते. पण पुढच्या महिन्यात सुट्टीवर येईन तेव्हा बाबांना घेऊन आधी तुझ्या दारात येणार आहे. ते नको म्हणतील, मी ऐकणार नाही. तू दार उघडलंस, तर आम्ही दोघं घरी आलो असं समजेन.