हॅमच्या ताटापुढची चिठ्ठी

थेल्मा हेस्केथ नवऱ्याच्या अंत्यविधीच्या दिवशी असं काही करेल, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

उत्तर इंग्लंडमधल्या बोल्टनमध्ये तिचं पावाचं दुकान एकेचाळीस वर्षं आहे. आमच्याकडे गोल पावाला बार्म म्हणतात. रोल, बन, कॉब असं काही मागितलंत की थेल्मा हाताची घडी घालून उभी. "असलं काही आम्ही भाजत नाही, राजा. नीट नाव घे." भुकेला माणूस शेवटी बार्म म्हणायचाच. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, पण तिच्यापुढे माझीही मात्रा चालत नसे.

तिचा नवरा क्लिफ कॉव्हेंट्रीचा. तिकडे त्याच पावाला बॅच म्हणतात. तो शब्द तिने घरातसुद्धा चालू दिला नाही. क्लिफ हसून बार्म म्हणायचा. आम्हाला वाटे, सवय झाली बिचाऱ्याला.

त्याला पुरून आम्ही चर्चच्या हॉलमध्ये चहाला आलो. हॅम घातलेले पाव नसतील तर त्याला आम्ही निरोप म्हणत नाही. ताट होतं. ताटापुढच्या चिठ्ठीवर थेल्माच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: हॅम बॅच. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

तिची बहीण बेरिल पुढे झाली. "एक हॅम बार्म दे गं."

"ते नाही माझ्याकडे."

"मग हे समोर काय आहे?"

"वाचता येतं ना तुला?"

"थेल्मे, लोक बघतायत!"

"बघू देत. आज बॅच म्हणेल त्यालाच मिळेल."

हॉलमध्ये चाळीस माणसं, हातात कप, आणि सगळ्यांचे डोळे त्या ताटाकडे. मी तिला बाजूला ओढलं. "हा काय तमाशा, बाई?"

"मास्तरीणबाई, शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात तो म्हणाला, चीज घातलेली बॅच खावीशी वाटते. मी काय म्हटलं असेल, सांग."

मी हातातला कप खाली ठेवला.

"म्हटलं, नीट नाव घे, मग आणते. त्याने घेतलं. मी खाली कँटीनमध्ये गेले. परत आले तर..." ती हातातला चिमटा तेवढा उघडत-मिटत राहिली.

मी सरळ ताटापुढे गेले आणि वर्गात बोलते तशी मोठ्याने बोलले, "एक बॅच दे." तोंडात खडा आल्यासारखं वाटलं. मग माझ्यामागे रांग लागली. बेरिल सगळ्यांत शेवटी आली, भिंतीकडे बघत पुटपुटली. थेल्माने तिला दुप्पट हॅम घातलं.

सोमवारी मी दुकानात गेले तेव्हा एका ट्रकवाल्याने रोल मागितला.

थेल्माने हाताची घडी घातली. "असलं काही आम्ही भाजत नाही, राजा. बार्म म्हण, नाहीतर बॅच."