निरोप पहिल्यांदाच कळला होता

पंच्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात आमची बटालियन उत्तरेकडच्या बर्फात चढली. मी सिग्नल प्लाटूनमध्ये लान्स नाईक होतो. नोकरीची चार वर्षं झाली होती. माझं गाव घणसोली. तेव्हा तिथे भातशेती होती, पलीकडे मिठागरं आणि खाडी. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, इंग्रजी फक्त एबीसीडीपुरतं. तरी बटालियनमध्ये मला सगळे ‘इंग्लिश म्हात्रे’ म्हणायचे. ते कसं झालं ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी लाज त्यातूनच आली.

आमचे सिग्नल ऑफिसर कॅप्टन साहेब मेसेज इंग्रजीत तोंडी सांगायचे, मी लिहून घ्यायचो. साहेब फेऱ्या मारत बोलायचे. सुरुवातीला माझा कागद म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच वाक्य. ना कॉमा, ना फुलस्टॉप. साहेब लाल पेन्सिलीने कागद रंगवायचे. एकदा म्हणाले, “म्हात्रे, डोन्ट लुक ॲट द पेपर. लिसन टु मी.”

मी ऐकायला लागलो. साहेब अर्धा श्वास घेत तिथे कॉमा. आवाज खाली बसला की फुलस्टॉप. शेवटाला वर चढला की प्रश्नचिन्ह. साहेब फोनवर मित्राशी बोलत, जेवताना बोलत, सेंट्रीला झापत. माझे कान तिकडेच. नियम मला आजही सांगता येणार नाहीत. पण चुकीचं वाक्य आलं की भातात खडा लागावा तसं लागायचं. दीड वर्षात लाल पेन्सिल बंद झाली, आणि माझं डोकं फिरलं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच कोणी म्हटलं असावं.

सिपाही काशिनाथ कोळी माझ्याच प्लाटूनमधला. मोऱ्याचा. मोरा म्हणजे उरणचा धक्का, मुंबईहून लाँच लागते तिथला. वडील तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. आम्ही दोघंही खाडीच्या एकाच बाजूचे, म्हणून त्याला माझा आधार वाटायचा. एक दिवस म्हणाला, “म्हात्रे, मना पन शिकव ना तुजं इंग्लिश.”

“शिकवायचं काय त्यात? ऐकायचं.”

“कोनाचं ऐकू? साहेब मना जवल उभा करनार हाय का?”

“मग माझं ऐक.”

मी हे ऐटीत बोललो होतो. त्याने ते मनावर घेतलं. मी वायरलेस सेटवर बसलो की तो जवळ येऊन बसायचा, ओठ हलवायचा. पण बोलायला तोंड उघडलं की बेधडक. इंग्रजी, हिंदी, आगरी-कोळी, जे हाताला लागेल ते. अधिकारी हसायचे, पण मायेने. एकदा कॅप्टन साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “कोळीचं इंग्रजी मोडकं आहे, पण त्याचा मेसेज सगळ्यात लवकर पोचतो.” मी तिथेच उभा होतो. मला ते झोंबलं. इतकं झोंबलं की आज साठी जवळ आली तरी ते वाक्य मला तोंडपाठ आहे.

वायरलेसवर बोलायची पद्धत थोडी सांगायला हवी. खाली बटालियनपाशी एक मुख्य सेट असतो, त्याला कंट्रोल म्हणतात. वरच्या पोस्टचे सेट त्याच्याशी बोलतात आणि एकाचं बोलणं बाकी सगळ्यांना ऐकू येतं. निरोप नीट पोचला नाही तर कंट्रोल म्हणतो, “से अगेन.” पोचला तर म्हणतो, “रॉजर.” रॉजर मिळेपर्यंत ऑपरेटरने सेट सोडायचा नाही. हे आमच्याकडे इतकं पक्कं भिनवलेलं असायचं की तोफ धडाडली तरी माणूस हेडफोन काढत नसे.

त्या हिवाळ्यात कंट्रोलवर मी होतो. काशिनाथ सर्वात वरच्या पोस्टवर, हवालदार शिंदे आणि सहा जवानांबरोबर. रोज सकाळी दहा आणि दुपारी दोनला रिपोर्ट. काशिनाथचा रिपोर्ट आला की मी मुद्दाम “से अगेन” म्हणायचो. तो परत बोलायचा, थोडं सुधारून. मी परत “से अगेन.” वाक्य माझ्या मनासारखं झालं की मग रॉजर. बाकी दोन पोस्टवरचे ऑपरेटर हसायचे, ते मला ऐकू यायचं. मी स्वतःला सांगत होतो की त्याला शिकवतोय. खरं ते नव्हतं. मला चार लोकांत त्याचा कमीपणा दाखवायचा होता.

काशिनाथ कधी चिडला नाही. खाली राशन घ्यायला आला तेव्हा म्हणाला, “तू बोलतोस तसा जमत नाय रे अजून. पन जमंल.” मी त्याला चहा पाजला. त्या चहाचीही मला आता लाज वाटते.

फेब्रुवारीत दोन दिवस सलग बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन. असं ऊन वाईट, ताजा बर्फ सुटतो. बटालियनचे प्रमुख, सीओ साहेब, यांनी सकाळीच आदेश दिला: कुठल्याही पोस्टने धोका कळवला तर कंट्रोलने विचारत बसायचं नाही, तिथल्या तिथे पोस्ट सोडायची परवानगी द्यायची. तो आदेश मी माझ्या हाताने लिहून सेटसमोर टाचणीने लावला होता.

दोन वाजताचा रिपोर्ट नॉर्मल आला. दोन वाजून वीस मिनिटांनी काशिनाथचा आवाज आला. घाईत होता.

“हॅलो कंट्रोल, स्नो टॉप साइड ब्रेकिंग. वी गो डाऊन. परमिशन. ओव्हर.”

मला कळलं. पहिल्यांदाच, पूर्ण कळलं. आवाज स्वच्छ होता, सिग्नल खणखणीत होता, आदेश डोळ्यांसमोर होता. आणि मी म्हणालो,

“से अगेन. ओव्हर.”

का म्हणालो, याचा मी पुढे खूप विचार केला. सवय, हे एक उत्तर. दुसऱ्या पोस्टवरचे ऐकत होते, हे दुसरं. तिसरं उत्तर असं की वर माणसं आहेत हे त्या क्षणी माझ्या मनातच आलं नाही. मला फक्त वाक्य ऐकू आलं. यातलं एकही उत्तर मला सोडवत नाही.

“कंट्रोल, स्नो ब्रेकिंग! अबाव्ह पोस्ट! वी लीव्ह. परमिशन. ओव्हर.”

“से अगेन. ओव्हर.”

मग काशिनाथ बोलला. हळू, एकेक शब्द वेगळा, जिथे मी थांबतो तिथे थांबत. माझ्याच चालीत.

“हॅलो कंट्रोल. द स्नो अबाव्ह अवर पोस्ट इज ब्रेकिंग. रिक्वेस्ट परमिशन टु लीव्ह द पोस्ट. ओव्हर.”

“रॉजर. परमिशन ग्रँटेड. ओव्हर.”

“रॉजर. आऊट.”

यात दोन मिनिटं गेली असतील. कमी असतील, जास्त नाहीत. दोन वाजून तेवीस मिनिटांनी वरून आवाज आला, रेल्वेच्या वाघिणी रिकाम्या कराव्यात तसा. मग सगळं शांत झालं. मी वीस मिनिटं त्या पोस्टला हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

हवालदार शिंदे सहा जवानांना घेऊन संध्याकाळी खाली पोचले. त्यांनी पहिल्या तड्याबरोबरच माणसं बाहेर काढली होती आणि खडकाच्या आडोशाला नेली होती. काशिनाथला म्हणाले होते, “परवानगी घे आणि ये.” तो सेट पाठीवर घेऊन दारातून बाहेर पडला तेव्हा बर्फ आला. खडक तिथून चाळीस पावलांवर होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही त्याला बाहेर काढलं. खोदणाऱ्यांत मीही होतो.

चौकशी झाली. कॅप्टन साहेबांनी लॉगबुक उघडलं. त्यात माझ्या हाताची एकच नोंद होती, शेवटचं वाक्य, कॉमा-फुलस्टॉपसकट.

“मेसेज क्लिअर होता?”

“येस सर.”

“पहिल्याच वेळी?”

“नो सर. सिग्नल वीक होता. सर, मी से अगेन म्हणालो.”

साहेबांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग लिहून घेतलं. बाकीचे दोन ऑपरेटर काही बोलले नाहीत. मी सीनिअर होतो, आणि हसलेले तेही होते.

त्याची ट्रंक घरी पोचवायला मलाच पाठवलं, गाववाला म्हणून. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरलो. आई-वडिलांसमोर ट्रंक ठेवली, पलटणीने सांगितलेलं बोललो आणि पुढच्या लाँचने परत फिरलो. पाणीसुद्धा प्यायलो नाही.

मी दहा वर्षांनी निवृत्त होऊन घणसोलीला आलो तेव्हा शेतं गेली होती. नव्या शहरासाठी सरकारने जमिनी घेतल्या होत्या. नोटिसा इंग्रजीत यायच्या. लोक कागद घेऊन माझ्या ओट्यावर बसायचे. “म्हात्रे दादा, जरा वाचून दाव. आमचा अर्ज तूच लिव, तुजा इंग्लिश साहेबासारा हाय.” मी लिहून द्यायचो. गावात मान वाढला. आणि प्रत्येक अर्ज वाचून दाखवताना शेवटच्या फुलस्टॉपपाशी माझा आवाज खाली बसला की मला वरच्या पोस्टवरचा तो आवाज ऐकू यायचा. वर्षभर असं चाललं. मग एक दिवस हातातला अर्ज अर्धवट ठेवला, एसटी पकडली आणि मोऱ्याला गेलो.

काशिनाथचे वडील दारात जाळं विणत बसले होते. काकी, म्हणजे काशिनाथची आई, आत होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. सिग्नल वीक नव्हता, हेही सांगितलं.

ते जाळं विणतच राहिले. शेवटी विचारलं, “पयल्या वक्ताला समजला व्हता तुला?”

“हो, काका.”

“आनी तरी दोन वक्त परत बोलाला लावलास.”

“हो.”

त्यांचे हात थांबले. “दर्यान कोनी हाक मारली त आमी पयल्या हाकेला होरी फिरवताव. दुसऱ्या हाकेची वाट नाय बघत. दुसरी हाक मारायला मानूस रहत नाय.”

मी मान खाली घातली. ते मला मारतील असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं.

“तिला सांगू नको,” ते हळूच म्हणाले. “पोऱ्या साहेबांसंगती इंग्लिश बोलायचा, यावर जगते ती. तुजा भार हाय, तूच वाव. जा, भेट तिला.”

मी आत गेलो. काकींनी मला ओळखलं. पाट दिला, पाणी दिलं. मग फडताळातून एक वही काढली, रुमालात गुंडाळलेली.

“ट्रंकेन व्हती. आमच्या पोरांना अक्षरा वाचता येतान, पन समजत काय नाय. तू इंग्लिशवाला. वाच ना जरा.”

मी वही उघडली. इंग्रजी वाक्यं होती, देवनागरीत लिहिलेली, पेन्सिलीने, पानामागून पानं. मला ती ओळखू यायला वेळ लागला नाही. सगळी माझी होती. मी सेटवर बोललेली, साहेबांना रिपोर्ट देताना बोललेली. जिथे मी श्वास घ्यायचो तिथे त्याने छोटी रेघ मारली होती, आणि जिथे आवाज सोडायचो तिथे मोठी. कॉमा आणि फुलस्टॉप त्याला कोणी दाखवले नव्हते. त्याने ते माझ्या तोंडून ऐकून काढले होते.

मी वाचलं. छोट्या रेघेला थोडं थांबलो, मोठ्या रेघेला पूर्ण थांबलो. काकी डोळे मिटून ऐकत होत्या. बाहेर जाळ्याची सुई थांबली होती.

पान संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, “असाच बोलायचा माजा काशी. नाय रं?”

“असाच, काकी,” मी म्हणालो. “माझ्यापेक्षा चांगला.”

तेव्हापासून मी दर फेब्रुवारीत मोऱ्याला जातो. काकी वही काढतात, मी एक पान वाचतो. काका बाहेर बसतात, माझ्याशी बोलत नाहीत. सिपाही काशिनाथ कोळी तेवीस वर्षांचा होता. त्याचं शेवटचं वाक्य बिनचूक होतं. त्याच्या आधीची दोनही पुरेशी होती.