अक्षर मोड, भाषा मोड

आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं आणि माझी शाळा चौथीलाच सुटली. एबीसीडी मला ओळखू येते, ती मोबाइलमुळे. पण ती अक्षरं एका ओळीत उभी राहिली की बाजारच्या गर्दीसारखं होतं. एकेक तोंड ओळखीचं, आणि काय चाललंय ते मात्र कळत नाही.

आणि मुलीच्या कॉम्प्युटरवरचा गेम सगळा इंग्रजीत होता.

कॉम्प्युटर तिच्या बारामतीच्या कोर्ससाठी घेतलेला. पेंडीची पोती ठेवतो त्या खोलीत, खिडकीपाशी. अभ्यास झाला की ती गेम लावायची. त्यात तलवार होती, घोडा होता, डोंगरात राहणारा एक उडता राक्षस होता. गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलायचं, त्यांची कामं करायची. मी मागे लसूण सोलत बसायची आणि ती मला प्रत्येकाचं बोलणं मराठीत सांगायची.

"आई, ही बाई म्हणतीय, माझी गाय चोरीला गेली."

"मग आधी गाय शोध. राक्षस कुठं पळून चाललाय?"

मला राक्षसाचं काही नव्हतं, मला माणसं हवी असायची. मी स्वतः चारचौघींत बोलत नाही. हळदीकुंकवाला गेले तर वाण घेऊन पहिली बाहेर पडणारी मी. गेममध्ये मात्र कुणाच्याही दारात जाऊन उभं राहिलं तरी चालायचं. तोंड उघडायचं काम मुलीचं होतं.

मग तिचं लग्न झालं आणि ती सणसरला गेली. जावयाकडे लॅपटॉप आहे, म्हणून कॉम्प्युटर इथं आमच्याकडे काटेवाडीतच राहिला. चालायचं कसं, घोड्यावर बसायचं कसं, गेम कुठून सुरू करायचा, हे तिने जाताना शिकवलं होतं. पण ती गेली आणि ती सगळी माणसं माझ्यापुरती मुकी झाली. एका मोठ्या गावाच्या वेशीवर दाढीवाला पहारेकरी आहे. तो काहीतरी विचारतो आणि खाली चार उत्तरं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं. मी अंदाजाने एकावर बोट ठेवलं, तर सगळं गाव काठ्या घेऊन माझ्या मागे लागलं. मुलीला फोन करून त्या उत्तराची अक्षरं एकेक करून सांगितली.

"आई, तू त्याला म्हणालीस, तुझी दाढी बोकडासारखी हाय."

मी जन्मात कुणाला असं बोलले नाही.

थोड्या दिवसांनी तिचाच फोन आला. कुणीतरी या गेमचा मराठी मॉड केलाय म्हणाली. मॉड म्हणजे काय तेही तिनेच सांगितलं. गेम ज्यांनी बनवला त्यांनी दिला तसा दिला, आता लोक त्यात आपापली भर घालतात. कुणी नवा घोडा करतं, कुणी झाडं. या माणसाने अख्खं बोलणं मराठीत केलं होतं. "दिवाळीला आले की बसवून देते," ती म्हणाली.

मी बरं म्हणाले. पण फोन ठेवल्यावर मनाला ते पटेना. इतकी वर्षं तिने वाचलं आणि मी ऐकलं. आता मराठीत येणार होतं, म्हणजे मला स्वतःला वाचता येणार होतं. मग ते आणायचंही मीच, असं मला वाटलं.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच खोलीत बाजेवर असतात. त्यांनी फोनवरचं अर्धं ऐकलं होतं.

"मोड कशाचं आणतीयस? मटकी तर भिजवली न्हाईस."

"मटकी नव्हं, आत्याबाई. गेमचा मॉड हाय."

"गेमला बी मोड येत्यात व्हय? मग उसळ कर त्याची."

दुपारची भांडी झाली की धारांपर्यंतचा वेळ माझा असतो. मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला जोडून मुलीने पाठवलेलं पान उघडलं. तिने एक गोष्ट बजावली होती. काहीही करायच्या आधी गेमच्या सगळ्या फोल्डरची कॉपी करून दुसरीकडे ठेव. हे मला लगेच समजलं. दही कितीही थोडं असलं तरी वाढायच्या आधी चमचाभर विरजणाला काढतोच की आपण. तसं मी गेमचं विरजण काढून ठेवलं. नव्याने मॉड टाकणाऱ्या बाईला मी पहिलं हेच सांगेन, आणि दुसरं काही ऐकलं नाही तरी चालेल म्हणेन.

पान मराठीत होतं. एक चित्र होतं, त्यात गेममधल्या दोन फोल्डरांभोवती लाल गोल केलेले. एकाशेजारी लिहिलं होतं, 'आधी अक्षर मोड'. दुसऱ्याशेजारी, 'मग भाषा मोड'.

मला ते इतकं सरळ वाटलं की मी थांबलेच नाही. नवं गंठण करायचं तर सोनार जुना डाग मोडतो. मराठी हवी तर इंग्रजी मोडावी लागणार, यात नवल काय? चित्रातल्यासारखा पहिला फोल्डर शोधला आणि काढून टाकला. अक्षरं मोडली. मग दुसरा काढला. भाषा मोडली. वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, मोडलेलं घरात नको म्हणून.

गेम सुरू केला. डोंगर आले, वाजंत्री आली, पण पडद्यावर एक अक्षर नाही. कुठं काय दाबायचं ते सवयीने माहीत होतं, म्हणून आत गेले. वेशीवर पहारेकऱ्याने तोंड उघडलं आणि खाली नुसती काळी पट्टी. पूर्वी त्याचं बोलणं कळत नव्हतं, आता तर दिसतही नव्हतं. जुनं मोडून झालं होतं आणि नवं घडवणारा सोनार कुठंच नव्हता.

मी मुलीला फोन लावला. पानावर काय लिहिलंय आणि मी काय केलं, दोन्ही सांगितलं. ती इतकी हसली की मागून तिच्या सासूबाई काय झालं म्हणून विचारायला लागल्या.

"आई, मोडायचं न्हवतं गं. मॉड हाय ते. त्यानं चंद्राच्या जागी मात्रा दिलीय. अक्षरांचा मॉड आधी बसव, भाषेचा मॉड मग, असं हाय ते."

आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या, "मोडलं ना? मी पयलंच म्हणत व्हते, नावातच हाय त्याच्या."

मलाही हसू आलं, कारण विरजण होतं. काढून ठेवलेली कॉपी परत जागेवर आणली आणि गेम होता तसा उभा राहिला. मग त्या पानाखाली, जिथं लोक लिहितात तिथं, मी एक ओळ लिहिली. अनोळखी माणसाला लिहायची ही माझी पहिली वेळ. 'दादा, मोड लिहू नका, मॉड लिहा. मी अक्षरं मोडून बसले.' दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्याने बदललं होतं. 'आधी अक्षरांचा मॉड बसवा.' आणि खाली मला लिहिलं होतं, 'ताई, माझ्या आईनेही हेच केलं असतं.'

त्या दुपारी मी परत बसले. नेटवरून उतरवून घेतलेला मॉड गाठोड्यासारखा बांधलेला येतो, तो सोडावा लागतो. सोडला की फोल्डरच्या आत पुन्हा तोच फोल्डर निघतो. बाहेरचा उचलून ठेवला तर गेमला काही सापडत नाही, आतला ठेवावा लागतो. यात माझी एक दुपार गेली. दोन्ही मॉड एकदम टाकू नयेत हेही कळलं. एक टाकावा, गेम लावून बघावा, बंद करावा, मग दुसरा. नाहीतर बिघडलं तर कुणाला धरणार?

दोन्ही बसले आणि पहारेकरी बोलला तेव्हा खाली शंकरपाळे मांडावेत तसे चौकोनच चौकोन आले. पण ते चौकोन बघून मला धीर आला. अक्षरांच्या जागी काहीतरी आलं होतं, म्हणजे मी जवळ होते. मुलीला न विचारता मी मॉडची यादी उघडली. गेम ती यादी वरून खाली वाचत जातो, असं पानावर लिहिलेलं होतं. आणि नवा टाकलेला मॉड आपोआप वर जाऊन बसतो. भाषा मी नंतर टाकली होती, म्हणून ती वर गेली होती आणि अक्षरं खाली. गोधडी शिवताना आधी अस्तर अंथरायचं, मग वरचा कपडा. माझं अस्तरच आधी अंथरायचं राहिलं होतं. भाषेचा मॉड माउसने धरला आणि अक्षरांच्या खाली ओढून सोडला.

गेम लावला. घोड्यावरून वेशीपर्यंत गेले, उतरले. पहारेकरी पुढे आला आणि खाली ओळ उमटली.

'कुठल्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?'

मी ती मनात वाचली. मग मोठ्याने वाचली. शाळा सुटल्यापासून मी कुणासमोर मोठ्याने काही वाचलं नव्हतं.

आत्याबाई उठून बसल्या. "कोण इचारतंय?"

"वेशीवरचा पहारेकरी."

"मग सांग की त्याला. गप का?"

खाली चार उत्तरं होती आणि चारही मला कळत होती. 'लांबची आहे.' 'तुला काय करायचंय?' 'तहान लागलीय, पाणी मिळेल का?' आणि शेवटी ते बोकडाचं. मी चारही वाचून दाखवली. बोकडाच्या उत्तराला आत्याबाई खोकला लागेपर्यंत हसल्या आणि तेच दे म्हणाल्या. मी पाण्याचं दिलं. पहारेकऱ्याने ओळ बदलली, 'या आत. डाव्या हाताला विहीर आहे,' आणि ते दार, जे इतके दिवस मला बंद होतं, करकरत उघडलं.

तेवढ्यात गोठ्याकडून मालकांचा, म्हणजे मुलीच्या वडिलांचा, आवाज आला. "धारंची येळ झाली. बादली कुठं हाय?"

अशी हाक आली की मी हातातलं टाकून उठते, आजवर तसंच झालंय. विहिरीपाशी एक बाई उभी होती आणि तिच्या तोंडून नुकती ओळ सुटली होती. "थांबा जरा," मी म्हणाले. माझं मलाच ते नवं वाटलं.

मालक दारात येऊन उभे राहिले. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

आत्याबाईंनी हात हलवला. "तूच काढ जा आज धार. ती वाचतीया." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ती इहिरीवरची काय म्हणतीया? म्होरं वाच."