बुजवलेलं पेव

ती घटना आजही आठवते, असं आम्ही निवृत्त पोलीस लिहितो तेव्हा बहुतेक वेळा स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायची असते. मीही ही घटना बरीच वर्षं तशीच सांगत आलो. आता सांगताना मान वर होत नाही. कारण आधीच सांगून टाकतो. मी एका बाईवर पुऱ्या गावासमोर संशय घेतला, आणि तो खोटा ठरल्यावर ते सांगायला त्या गावात गेलो नाही.

दोन महिन्यांपूर्वी परभणीतल्या काही हौशी मंडळींनी एक चित्रपट दाखवला. कादंबरीवरून केलेला, माणसाच्या मनाचा ठाव घेणारा वगैरे रहस्यपट. कादंबरी माझ्याच एका तपासावरून लिहिलेली, म्हणून चित्रपटानंतर 'पोलिसाच्या नजरेतून' चार शब्द बोलायला मला बोलावलं होतं. मी वही-पेन घेऊनच बसलो आणि चुका टिपत गेलो. पंचनामा होतो, पण पंच कुठेच नाहीत. शवविच्छेदनाचा अहवाल दुपारी पाठवला की संध्याकाळी हातात. चौकशीच्या खोलीत एकच दिवा लोंबतोय आणि अधिकारी टेबलावर मूठ आपटतोय. आमच्या ठाण्यातल्या टेबलाचा एक पाय विटेवर होता. मूठ आपटली असती तर स्टेशन डायरीसकट सगळं माझ्या मांडीवर आलं असतं. हे मी बोललो तेव्हा लोक खूप हसले.

मग मी नायिकेचं कौतुक केलं. चित्रपटात ती नवऱ्याला जेवणातून विष घालते आणि पोलीस विचारतात तेव्हा गप्प बसते. ते गप्प बसणं त्या अभिनेत्रीनं फार ताकदीनं केलं आहे. बघणाऱ्याला शेवटाच्या आधीच खात्री पटते, की हिनंच केलंय. मी दहापैकी आठ गुण दिले, टाळ्या घेतल्या आणि शाल खांद्यावर टाकून खाली उतरलो.

दारात एक शिक्षक थांबले होते. माझा तो तपास ज्या गावात झाला, त्याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते होते. म्हणाले, "साहेब, ती बाई आमच्याकडं पोरांची खिचडी शिजवायची. सिनेमा गावात सगळ्यांच्या मोबाइलवर आलाय. आता आईबाप लेकरांना डबा देऊन पाठवायलेत. तिच्या हातचं खाऊ नका म्हणून सांगायलेत. शाळा समितीनं तिला सध्या घरी बसायला सांगितलंय."

मी विचारलं, "पण तिचा नवरा तर जिवंत सापडला होता ना?"

"ते तुम्हाला म्हाईत, साहेब. गावाला कुठं म्हाईत हाय?"

आता मूळ केस सांगतो.

तेव्हा मी जिंतूर भागात एका ठाण्याचा प्रभारी होतो. चारठाण्याच्या रस्त्यावरच्या एका गावातून एक म्हातारी आली. मुलगा आठ दिवसांपासून घरी नाही. आम्ही मिसिंग, म्हणजे माणूस बेपत्ता असल्याची नोंद, दाखल केली. घरात ही म्हातारी, सून आणि एक लहान मुलगी. लिंगायत कुटुंब, बेताची शेती, कुणाशी वैर नाही. माणूस जाताना काही बोलला नव्हता. सून मात्र रडत नव्हती. आमच्या खात्यात न रडणाऱ्या बाईकडे पहिल्या दिवसापासून वेगळ्या नजरेनं बघतात. मीही बघितलं.

चौथ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "नवरा गेला त्याच हप्त्यात त्या बाईनं परसातलं पेव बुजवलंय. बघा जरा." पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खोल खणलेला खड्डा. पूर्वी घरोघरी असायचे. इतकी वर्षं उघडं पडलेलं पेव नेमकं त्याच आठवड्यात का बुजवलं, हा प्रश्न कुणालाही पडला असता.

मी महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन घराची झडती घेतली. ज्वारीच्या कणगीत, दाण्यांच्या तळाशी, कापडात गुंडाळलेली एक चांदीची डबी निघाली. आत त्याचं इष्टलिंग. दोऱ्यासकट. ते पाहून म्हातारीनं तिथंच अंग टाकलं. लिंगायत माणूस गळ्यातलं लिंग जिवंतपणी उतरवून ठेवत नाही, एवढं मला माहीत होतं. अर्धवट माहिती असलेल्या माणसाला जी घाई होते, ती मला झाली. लिंग घरात, ते बायकोनं लपवलेलं, म्हणजे माणूस मेला आणि तिला ते ठाऊक आहे. तपास संपलाच, असं मी मनात धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदारांच्या समक्ष पेव उकरलं. सारं गाव जमलं होतं. झाडावर माणसं, भिंतीवर माणसं. बाई दारात उभी होती, मुलीचं तोंड पदरात दाबून. दुपारपर्यंत माती निघाली, कुजका भुसा निघाला, फुटका रांजण निघाला. बाकी काही नाही. ती एवढंच म्हणाली, "वासरू पडलं व्हतं त्यात. म्हणून बुजवलं." मी पंचनाम्यात 'काही मिळून आले नाही' असं लिहिलं. पण गाव तिकडे बघतच नव्हतं. पोलिसांनी खणलं, एवढंच त्यांनी पाहिलं.

त्यानंतर तीन दिवस तिला ठाण्यात बोलावलं. दिवस मावळायच्या आत घरी सोडायचो, महिला शिपाई शेजारी बसायची, अंगाला कुणी हात लावला नाही. नियमाला धरून सगळं केलं. पण रोज सकाळी ती एसटीसाठी फाट्यावर चालत जायची आणि पाराकडची माणसं बोलणं थांबवून बघायची. ते कुठल्या नियमात बसतं? मी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होतो. लिंग का लपवलं?

तिसऱ्या दिवशी ती बोलली. "त्यो सोताच्या हातानं उतरवून देवळीत ठिवून गेला, साहेब. सासूनं बघितलं असतं तर तिनं त्याच दिशी अन्न सोडलं असतं. आन् लोकांनी त्याला काय म्हणलं असतं? परत आल्यावर तोंड दाखवायला जागा ऱ्हाईली पायजे म्हणून ठिवलं झाकून."

मी विश्वास ठेवला नाही. गोष्ट रचलीये, असं मी फौजदाराला तिच्यासमोरच म्हणालो.

पंधरवड्यानं एका एसटी कंडक्टरनं मिसिंगचा फोटो ओळखला. माणूस पालमला होता. एका किराणा दुकानात पुड्या बांधत होता. मी स्वतः गेलो. धडधाकट होता, दाढी वाढलेली. म्हणाला, "घरात कुणी काही केलं न्हाई. मलाच तिथं जीव लागंना. सगळं सोडायचं ठरवलं तर गळ्यातलं कशाला ठिवायचं? बायकोला बोल लावू नका. आन् मी इथं हाय ते गावात सांगू नका." सज्ञान माणूस, स्वतःच्या मर्जीनं गेलेला. मी जबाब घेतला, सही घेतली, मिसिंग निकाली काढली. गावाकडे जाणाऱ्या एका शिपायाला सांगितलं, बाईला निरोप दे. त्यानं तिला एकटीला सांगितलं, आणि तिच्या एकटीच्या शब्दावर गाव विश्वास ठेवणार नव्हतं.

त्याचा पत्ता नको होता सांगायला, बरोबर. पण तो जिवंत आहे, एवढं पारावर उभं राहून सांगायला मला कुणी अडवलं होतं? खरं म्हणजे मला लाज वाटत होती. ज्या गावासमोर छाती काढून पेव उकरलं, तिथं जाऊन 'मी चुकलो' म्हणायचं जिवावर आलं. सासू थोरल्या मुलाकडे गेली आणि सुनेला शिव्या देत वारली. पुढे तो माणूसही परगावी आजारानं गेला. घर सोडल्यावर त्याला जिवंत पाहिलेलं गावात कुणीच नव्हतं.

निवृत्तीनंतर एक लेखक घरी आले. मी चहा पाजून लिंगाची, पेवाची, तिच्या गप्प बसण्याची गोष्ट रंगवून सांगितली. ते म्हणाले, "शेवट जरा फिका आहे. बदलला तर चालेल?" मी म्हणालो, "तुमची कादंबरी, तुमचा शेवट." पुस्तकात माझे आभार आहेत. लिंगाच्या जागी त्यांनी अंगठी केली, पेवाची विहीर केली, गावात धुकं आणलं. तरी गावानं ओळखलंच. 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी सुरुवातीलाच आहे.

शिक्षक भेटले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या गावाला गेलो. बाई आता साठीला टेकलेली. तिनं मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. सिनेमा तिनं पाहिला नव्हता.

मी म्हणालो, "चूक माझी आहे, बाई."

"ते जाऊ द्या. मला एक कागद द्या. त्यो जित्ता सापडला व्हता, असा. शाळंत दाखवते."

मी सांगितलं की मुदत संपल्यावर अशी जुनी कागदपत्रं नष्ट करतात. ठाण्यात विचारून आलोय, फाइल नाही.

ती म्हणाली, "पेव उकरताना तर लय कागद लिहिले तुमी."

संध्याकाळी शिक्षकांनी पारावर माणसं जमवली. मी सगळं सांगितलं. तेव्हाच्या दोन पंचांपैकी एक म्हातारे अजून आहेत. त्यांनी विचारलं, "साहेब, मग तवाच का न्हाई सांगितलं?"  काही जण उठून गेले. समितीनं विचार करू म्हटलं आहे, अजून बोलावणं आलेलं नाही.

त्या चित्रपटाला दिलेले आठ गुण मी परत घेत नाही. चित्रपट चांगला आहे. गप्प बसलेल्या बाईला तो गुन्हेगार ठरवतो, पण ते त्याला मीच शिकवलं. नोकरीभर मी समजत आलो की तपास आरोपी सापडला की संपतो. ज्याच्यावर उगीच संशय घेतला त्याच्या दारात जाऊन, चारचौघांत, तो फिटला असं सांगेपर्यंत तपास संपत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

बाईंनी मागितलेला कागद माझ्याकडे दुसरा नाही, तो हाच. मी, तत्कालीन ठाणे प्रभारी, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, सदर इसम मला पालम येथे जिवंत मिळून आला. तो स्वखुशीने घर सोडून गेला होता. त्याच्या पत्नीने त्यास काही केले नाही. पेवात काही नव्हते. माझा हा जबाब मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे.