साखरेच्या डब्याला टेकलेला माणूस

आज सकाळी माझी बायको साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर बसून हळूहळू मान वळवत होती. मोबाइलमधला दाढीवाला माणूस सांगेल तशी, अगदी शहाण्या मुलीसारखी. मान आखडलीय हे तिने मला सांगितलंसुद्धा नव्हतं. सरळ मोबाइलवर शोधलं.

परवा प्रिंटर अडला तेव्हाही तेच. पूर्वी काही बिघडलं की, 'अहो, जरा बघता का?' अशी हाक यायची. मग मी पेपरची सावकाश घडी घालून उठायचो. खरं तर मला फारसं कळत नसे. बंद करून परत चालू करायचं, एवढंच माझं ज्ञान. तापावरही साधारण तोच उपाय, 'जरा पडून राहा.' पण तेवढ्यावर मी घरातला जाणकार होऊन बसलो होतो. एकाचं दुसऱ्यावाचून अडणं, हीसुद्धा जवळीकच असते की काय, कोण जाणे. आता तिचं माझ्यावाचून काही अडत नाही, आणि मला त्या दाढीवाल्याचा चक्क राग येतो. तिच्याकडे बघून हसतो काय, 'शाब्बास' म्हणतो काय!

तेवढ्यात तिची हाक आली, 'अहो, जरा बघता का? मान वळवताना माझा खांदा उचलला जात नाहीये ना? याला कुठे दिसतेय मी!'

मी पेपर तसाच टाकून उठलो. खांदा जागचा हलत नव्हता.

'किंचित उचलला जातोय,' मी म्हणालो. 'पुन्हा कर, मी बघतो.'