काकूंचं एस-एस-डी

टायपिंगवाल्या काकूंचं दुकान आणि माझं बाइंडिंगचं दुकान यांच्यामध्ये प्लायवुडची एकच भिंत. त्यामुळे काकूंचं सगळं मला ऐकू येतं. खोटं कशाला बोलू, मी कान लावतोही.

एकतीस वर्षं काकू दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करतायत. शिक्षण दहावी, पण इंग्रजी प्रबंधात कुठे काय लिहायचं ते विद्यार्थ्यांना त्याच शिकवतात. ‘स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट डिफरन्स’ आढळला, हे वाक्य तर पाचवीला पुजलेलं. म्हणून त्यांनी संगणकात सोय करून ठेवली होती: एस, एस, डी दाबलं की अख्खं वाक्य आपोआप उमटायचं.

“दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा नसेल तरच हे लिहायचं,” त्या दरडावत. “तक्त्यात ‘पी’ नावाचा आकडा पाच शतांशाहून कमी आहे का बघायचं. नसेल, तर मध्ये ‘नो’ घालायचा.” काकूंचं संख्याशास्त्र एवढंच, पण पक्कं.

गुरुवारी सकाळी भिंतीपलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ काकू दारात. चेहरा पांढराफटक, हातात गेल्या आठवड्यात प्रबंध टाइप करून नेलेल्या सिस्टरनं लिहून दिलेला कागद.

“अरे, सिस्टरच्या प्रती गेल्या?”

“परवाच नेल्या की. आज अकराला तिची तोंडी परीक्षा आहे.”

“मेले मी! एस-एस-डी दाबलं आणि सुनेचा फोन आला. ‘नो’ राहिला. इथे बघ, पी एक्केचाळीस शतांश आहे!”

“काकू, एका शब्दानं काय आभाळ कोसळतंय?” मी हसलो. हसायला नको होतं.

मग त्यांनी सांगितलं. सिस्टर म्हणजे इस्पितळातली परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देतात. तिनं निम्म्या रुग्णांना शिवाय एक नवं मलम लावून पाहिलं. मलमानं काहीच फरक पडला नाही. पण तिच्या मार्गदर्शक डॉक्टरांना मलम लावून कूस बदलणं चार तासांवर आणायचं होतं, कारण वॉर्डात माणसं कमी.

“माझी थोरली बहीण त्याच वॉर्डात आहे रे. तिला स्वतःहून बोटही हलवता येत नाही.”

दुकान उघडं टाकून आम्ही पळालो. रस्त्यात त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

परीक्षेच्या खोलीबाहेर सिस्टर फाइल छातीशी धरून उभी. काकूंनी धापा टाकत चूक सांगितली. तिनं मान खाली घातली.

“मला कालच दिसलं, काकू. पण सर ते पान वाचून पहिल्यांदाच शाबास म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा. मी गप्प बसले.”

“मग आता सांग!”

“भीती वाटते हो.”

“मला काय कमी वाटतेय?” म्हणत काकूंनी दार ढकललं. मी मागोमाग दारापर्यंत गेलो.

“कोण तुम्ही?” मार्गदर्शक डॉक्टर खेकसले.

“टायपिस्ट. पान सत्त्याऐंशी, साहेब. तिथलं वाक्य आकड्यांचं नाही, माझ्या यंत्राचं आहे.”

“म्हणजे निष्कर्ष आता टायपिस्ट काढणार?”

बाहेरगावच्या परीक्षक बाईंनी मात्र पान उघडलं, तक्त्यावर बोट ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. “सिस्टर, खरं काय?”

सिस्टर आत आली आणि फाइल टेबलावर ठेवली.

“फरक नाही,” ती म्हणाली.

प्रबंध दुरुस्तीला परत आला. कूस बदलणं दोन तासांवरच राहिलं. परत आल्याआल्या काकूंनी एस-एस-डी पुसून टाकलं. मी म्हटलं, सुटलो.

“सुटलो कसले?” त्या म्हणाल्या. “सुनेचा फोन काय त्या एकाच दिवशी आला होता?”

तेव्हापासून त्या जुन्या फाइली एकेक करून उघडतायत. वाक्य वाचायचं, तक्ता बघायचा, पुढची फाइल. आज सकाळी तेविसावी. मी पुठ्ठ्याला खळ लावत होतो, कान भिंतीकडेच. माउसची टिकटिक चालू होती.

मग पलीकडे खुर्ची पडली.