मिन्ना घाबरली होती

ऱ्हाईनकाठच्या वर्म्स गावात बेलेट सुईणपण करायची. जेरुसलेमच्या धर्मयुद्धाला निघालेले लोक वाटेत यहुद्यांच्या आळीवर तुटून पडले, तेव्हा तिची धाकटी बहीण मिन्ना धर्म सोडायला नाही म्हणाली आणि मारली गेली. बेलेटला चौघांनी दाबून धरून बाप्तिस्मा दिला. पुढच्या वर्षी बादशहानं आपल्या धर्मात परतायची मुभा देताच ती सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला येऊन बसली. बायकांनी सरकून जागा दिली; पण बाळंतपणाला बोलवेनात.

बऱ्याच वर्षांनी यहुद्यांचे धर्मगुरू रब्बी मेशुल्लाम तिच्याकडे आले. त्या दिवसांची हकिकत ते हिब्रूत लिहून काढत होते.

"मिन्ना मरणाला हसत सामोरी गेली म्हणे?"

"कोण म्हणतं? लटलटा कापत होती. माझा हात सोडेना."

"असं कसं लिहू, मावशी? पुढच्यांना धीर यायला हवा."

"घाबरली, तरी नाहीच म्हणाली. जिला भीतीच नाही, तिचं कसलं कौतुक?"

रब्बी म्हणाले, "आणि तुमचं?"

"लिहा, ही जगली. वर्षभर ख्रिस्ती म्हणून राहिले, पण त्यांच्या मांसाला शिवले नाही, शब्बाथला पाठीचं निमित्त करून चूल पेटवली नाही. शेजारीण म्हणायची, 'दर शनिवारीच कशी गं तुझी पाठ धरते?'"

आव महिन्यातल्या शोकाच्या उपासाला रब्बींनी लिहिलेलं सिनेगॉगमध्ये वाचलं, अर्थही सांगितला. जबरदस्तीनं बाटवलेले आपलेच आहेत, त्यांना टोचून बोलणाऱ्यानं देवाला उत्तर द्यावं, असं त्यात होतं. मिन्ना मात्र नवरीसारखी हसत गेली होती.

बेलेटनं त्यांना दारातच गाठलं. "वरात कुठून काढलीत तिची?"

"तुमच्यासाठी आपल्या आळीच्या पंचांशी भांडलो, मावशी. तिची भीती लिहायला माझंच मन धजलं नाही," रब्बी खाली बघून म्हणाले.

त्या हिवाळ्यात पंच याकारची सून अडली. दुसरी सुईण हात टेकून बसली, तेव्हा बेलेटला बोलावणं आलं. मागचं काही न काढता तिनं बाह्या सारल्या. पोर पायाळू होतं. सकाळी सुखरूप सुटका झाली. याकारची बायको उंबऱ्यात रडायला लागली, तशी बेलेट म्हणाली, "रडणं राहू दे, आधी सुनेला गरम सूप दे."

मग बोलावणी सुरूच झाली. सिनेगॉगमधल्या दरसालच्या वाचनात मिन्ना हसत जायची. घाबरलेल्या बाळंतिणींना बेलेट मात्र घडलं तसंच सांगायची.